गयामावशीची मोसंबी

"पाय ढिला सोड म्हणते ना! बिलकुल ढिला! असा आवळून धरलास तर चरबी वर सरकंल, मानेत जाऊन बसंल, मंग कुंकू लावायलाबी मान हलायची न्हाई!"

हा आवाज नवीन जालन्याच्या स्टेशनात ऐकू जाई आणि मालगाड्या सिग्नल समजून थांबत. आवाज आमच्या शेजारच्या गयामावशीचा, पाय माझा. मी तिच्या खोलीत सतरंजीवर पालथी पडलेली आणि मावशी माझ्या मांडीवर लाटणं फिरवून राह्यलेली. पोळ्यांचं लाटणं. पोळ्या नंतर त्यानंच लाटायच्या.

मावशी विधवा, मूलबाळ नाही, एका खोलीत एकटी. बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालायचं, हा तिचा धंदा. बियाण्याच्या कंपनीतल्या एका साहेबाच्या बायकोला ती तेल लावायला जायची. ती बाई मुंबईची. तिच्याकडे एक विलायती मासिक होतं आणि त्यात एका गोरीच्या मांडीचा फोटो, कातडीवर बारीक बारीक खळगे. खाली लिहिलेलं बाईनं वाचून दाखवलं, संत्र्याच्या सालीसारखी कातडी. मावशीनं फोटो उजेडात धरला, उलटा केला, आणि निकाल दिला, "संत्रं नागपूरचं. आपल्याकडं मोसंबी."

आठवडा उलटायच्या आत रोग गल्लीभर पसरला. पटकीलाही एवढा वेग साधला नसता. तपासणी सोपी होती. मावशी मांडीचं कातडं चिमटीत धरायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "मोसंबी हाये. बराबर हाये." जाडीला होती तशी काडीसारख्या सखूलाही होती. गल्लीतली एकही सून सुटली नाही. पुरुषांना मात्र नव्हती. मावशीच्या मते त्यांची कातडी मुळातच निबर.

उपचार एकाहून एक. बेसन आणि करडीचं तेल. चहाच्या चोथ्याचा लेप, त्यामुळे दुपारभर मुंग्या पाठलाग करीत. साहेबाच्या बायकोनं कमरेला पट्टा लावून गदागदा हलवणारं यंत्र मागवलं. ते चालू झालं की अख्ख्या गल्लीचे दिवे मंद व्हायचे. मावशीनं ते एकदा पाहिलं आणि म्हणाली, ही तर गिरणीच की. त्या दिवसापासून बायका पिठाच्या गिरणीच्या कठड्याला मांड्या टेकवून तासतास गप्पा मारत उभ्या. काडीसारख्या सखूला वेगळाच डोस होता. एस.टी.च्या मागच्या बाकड्यावर बसून वडीगोद्रीला जायचं, खड्डे चुकवायचे नाहीत, आणि तिथं दोन रात्री मुक्काम केलाच पाहिजे, नाहीतर औषध उलटतं. सखूचं माहेर वडीगोद्रीच, हा योगायोग.

बाकी सगळ्यांना दुपारी भांडी घासून झाली की मावशीची सतरंजी.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, हे पहिल्यापासून खुपत होतं. त्यांचा कायदा असा की दिवसा आडवी पडते ती एकतर बाळंतीण, नाहीतर तापानं फणफणलेली, नाहीतर मेलेली. पण मोसंबी हा रोग ठरल्यामुळं त्यांचा इलाज चालेना. शेवटी त्या तरातरा दवाखान्यात गेल्या आणि नव्या डॉक्टरीणबाईंना विचारून आल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या म्हणे. त्यांनी सांगितलं, हा रोग नव्हे. कातडीखाली चरबी असते आणि तिला आतून दोरे धरून असतात. दोरा ताणला तिथं खळगा पडतो, मधली चरबी वर येते. कापसाच्या गादीला टाके घातले की दिसते ना, तशी. बहुतेक बायकांना असतं, मलाही आहे. चोळलं की घडीभर बरं दिसतं, पण तेलानं, लाटण्यानं की पट्ट्यानं ते जात नाही.

आत्याबाई तिथून थेट मावशीच्या दारात. आत आम्ही सुना ओळीनं पालथ्या. लाटणं माझ्याच पायावर थांबलं. आत्याबाईंनी दवाखान्यातलं सगळं उभ्या उभ्या ऐकवलं आणि सांगितलं, उद्यापासून एकही सून इथं येणार नाही.

"रोग न्हाई हे ठाव होतं का तुला, गया?"

"ठाव होतं आक्का. मलाबी हाये की. चाळीस वर्षं झाले, कुठं गेली?"

"मंग चोळत कशाला बसतीस यांना?"

मावशीनं लाटण्यावरचं बेसन पदरानं पुसलं. आवाज एवढा खाली आला की आम्हालाच कान द्यावा लागला.

"बाई दुपारची घडीभर पडली की तुम्ही इचारता, काय होऊन राह्यलं गं तुला. तिला सांगायला कायतरी पायजे ना. मी पोटुशी होते, तव्हा मला काय सांगावं ते सुचलं न्हाई. पडले न्हाई. ते लेकरू गेलं."

कुणी उठलं नाही. आत्याबाईंनी उंबऱ्यात चपला काढल्या, आत आल्या, आणि भिंतीकडं बघत म्हणाल्या,

"माझ्या पायाला हाये का बघ."

मावशीनं पाय बघितलाही नाही. सतरंजीवर मला जरा सरकवलं आणि तेलाची वाटी पुढं ओढली.

"हाये. लई जुनी हाये. पडा."