कांताबाईंची ढिली कड

आमच्या शेजारच्या कांताबाई स्वेटर घातलेला माणूस दिसला की आधी त्याच्या बाहीची कड ओढून पाहत आणि मग खुशाली विचारत. मोहाडीच्या भर बाजारात एकदा त्यांनी अनोळखी हवालदाराचं मनगट धरलं. तो गांगरला. बाई म्हणाल्या, "कोनं विणलं जी हे? हात आवळून राहिला न तुमचा."

घट्ट कड हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. माझ्या मुलाचा स्वेटर त्यांनी माझ्यासमोर उसवला आणि चहाही माझ्याकडेच प्यायल्या.

त्यांची स्वतःची कड मात्र पाहण्यासारखी. दोन सुया जोडून धरायच्या, दोन्हींवर मिळून टाके घालायचे, मग एक सुई हळूच ओढून घ्यायची. उरलेल्या सुईवर टाके ऐसपैस बसत. त्यावर दोन सुलट, दोन उलट विणून त्याचा गोल करायचा आणि पाण्याच्या पितळी गुंडावर, म्हणजे घागरीवर, चढवायचा. मुठीएवढी ती कड गुंडाच्या पोटावरून सहज उतरे. काढली की पुन्हा मुठीएवढी. मी बरीच वर्षं विणते, पण असं मला कधी जमलं नाही. मी नुसती बघत राहायची.

गुंडच का, हे मी विचारलं तेव्हा कळलं. त्यांचे यजमान वामनराव यांचा उजवा पाय हत्तीपायानं सुजलेला. ते धोतरात पाय झाकून ओसरीवर बसत, रस्त्यावर उतरत नसत. बायकोलाही पायाला हात लावू देत नसत.

"मोजू देत नाही न वं," बाई म्हणाल्या. "नजरेनंच माप घेतलं, या गुंडाएवढं."

एका साली थंडीत त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, नवऱ्या मुलाकडे, अड्याळला. वामनरावांनी सांगून टाकलं, कन्यादान काका करेल. "लोक नवरीले पाहातीन का माह्या पायाले?"

बाई वाद घालत बसल्या नाहीत, मोजा विणायला बसल्या. पहिल्याचा वळ उठला, दुसरा घसरला. यजमानांनी दोन्ही मोजे दाराबाहेर ठेवले. बाईंनी ते उसवून तीच लोकर पुन्हा घेतली.

लग्नाच्या सकाळी जीप आली. नवरी तिच्यात बसली. बाईंनी तिसरा मोजा वामनरावांच्या खोलीत ठेवला आणि बाहेर दाराकडे पाठ करून बसल्या. एरवी बाईंचं तोंड बंद नसे, आज त्या पदराचं टोक पिळत होत्या.

मग आतून आवाज आला, "कांता, कड दुमडली वाटते. पाह्य जरा."

बाई आत गेल्या. दार उघडंच होतं. वामनरावांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय पुढे केला होता. कड कुठेही दुमडलेली नव्हती. तरी बाई खाली बसल्या आणि तिच्यातून सावकाश बोट फिरवत राहिल्या. वामनरावांनी पाय मागे घेतला नाही.

जीपवाला हॉर्न वाजवू लागला. मी जाऊन त्याला सांगितलं, "थांब थोडा, नवरीचा बाप येऊन राहिला."