नलूकाकूंचा गुरुवारचा दसरा

नलूकाकूंशी बोलायचं तर आधी श्वास सोडावा लागतो. ही माझी अतिशयोक्ती नाही, त्यांची अट आहे. मी धावत जाऊन सांगावं, "काकू, पार्किंगवाला तुमच्या दारात उभा आहे," की त्यांचा हात वर. "आधी श्वास सोड. मग बोल." तोवर तो माझ्याच गाडीला तिकीट चिकटवून जातो. जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनिस्टलाही त्या हेच ऐकवतात, "फर्स्ट ब्रीद आउट, डिअर. देन टॉक." आणि ती बाई चक्क सोडते.

ही सवय रायफलची. श्वास सोडायचा, थांबायचं, मग घोडा दाबायचा. नागपूरला कॉलेजात एनसीसीत असताना ती हातात आली, लग्न करून लंडनच्या हॅरोला आल्यावर सुटली, आणि साठी उलटल्यावर काकांनीच त्यांना इथल्या रायफल क्लबात नेऊन सोडलं. दर गुरुवारी काकू साडीवर नेमबाजीचं जाडजूड जाकीट चढवून सतरंजीवर पालथ्या पडत आणि काका मागच्या बाकावर चहाचा फ्लास्क घेऊन बसत. कमिटीतल्या कोणीतरी ट्राउझर्स सुचवल्या होत्या. "साडीनं यांचं काय घोडं मारलंय?" हा काकूंचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

मी समोरच्या घरात राहायला आलो तेव्हा काका जाऊन काही वर्षं झाली होती. फ्लास्क आणि ड्रायव्हिंग माझ्याकडे आलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

त्याच वर्षी काडतुसांचा दुष्काळ पडला. अमेरिकेत लोकांनी पोत्यानं भरून ठेवली म्हणे, आणि इथे दुकानं रिकामी. जी मिळत त्यांचे भाव ऐकून सोनार लाजला असता. क्लबातले निम्मे लोक पेन्शनर. सेक्रेटरी डेरेकनं, म्हणजे सहा फुटी, अतिशय सभ्य म्हाताऱ्यानं, घसा खाकरून जाहीर केलं की ऑक्टोबरपासून गुरुवार बंद, परवडतील अशी काडतुसं मिळाली की बघू.

"बंद?" काकू उठून उभ्या राहिल्या. उभ्या राहूनही बसलेल्या डेरेकएवढ्याच दिसत होत्या. "आमच्यात ऑक्टोबरात दसरा असतो. दसऱ्याला शस्त्रांची पूजा करतात, त्यांना कुलूप नाही लावत. ओव्हर माय डेड बॉडी, डेरेक."

मग आमचे शनिवार सुरू झाले. लायसन्स काकूंचं आणि क्लबचं, पेट्रोल माझं. एका दुकानात स्वस्त माल होता, पण काकूंनी खोका हातात घेतला आणि परत ठेवला. "हे माझी रायफल तोंडात धरणार नाही." दुसऱ्यानं दुप्पट भाव सांगितला. त्याला श्वास सोडायला लावून काकू बाहेर पडल्या. केंब्रिजमध्ये त्यांचा मुलगा राहतो, संशोधक आहे. "आई, या वयात बंदूक काय? लोक स्वेटर विणतात," असं त्याचं मत. "लोकांना विणू दे," हे काकूंचं. त्या भागातून जाताना मी विचारलं, "थांबायचं का त्याच्याकडे?"

"न कळवता नाही जायचं रे. त्याच्या घरी आवडत नाही," काकू खिडकीतून बघत म्हणाल्या. "तू चाल पुढे."

पुढच्या खेड्यात एक म्हातारा दुकानदार भेटला. त्याच्या मागच्या खोलीत जुना स्टॉक होता, काकूंच्या पसंतीचाच. त्यानं आजचा भाव लावला. काकूंनी खोक्यावरून बोट फिरवून त्याला धूळ दाखवली. "माल जुना, तर भावही जुना." तो हो-ना करत खाली आला. काकू म्हणाल्या, "आणि वर एक खोका." भाजीवर कोथिंबीर मागावी तसा सूर.

"मॅडम, धिस इज नॉट अ बझार."

"इट इज नाऊ."

त्यानं दिला! मी तर दाराकडे तोंड करून हसून घेतलं. कागदपत्रं झाली, माल क्लबच्या तिजोरीत गेला, आणि गुरुवार वाचला.

दसरा खरं तर त्या आठवड्यात मंगळवारी होता. काकूंनी तो गुरुवारवर ढकलला. इथे सगळेच सण सोयीच्या दिवशी ढकलतात, त्यात काय. रायफलीला हळदकुंकू लागलं. मग काकूंनी प्रत्येकाच्या हातात काडतुसांचा एकेक खोका दिला आणि खणखणीत मराठीत म्हणाल्या, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." ट्यूबलाइटखाली ते पितळ खरंच सोन्यासारखं चमकत होतं. डेरेकनं मला हळूच विचारलं, "परत काय द्यायचं असतं?"

"धाकट्यांनी थोरल्यांना सोनं द्यायचं असतं," मी सांगितलं. डेरेक काकूंपेक्षा मोठाच, पण तेवढे बारकावे कोण बघतो?

सगळ्यांची फैर संपली, रायफली रिकाम्या झाल्या. डेरेक गुडघे कुरकुरवत वाकला. त्यानं सतरंजीवरची एक रिकामी पुंगळी उचलली, रुमालानं पुसली आणि काकूंच्या तळहातावर ठेवली. "सोना," तो म्हणाला. त्याच्यामागे बाकीचेही रांगेत आले, प्रत्येकाच्या हातात एक पुंगळी.

काकूंची ओंजळ भरली. त्या म्हणाल्या, "हे गेल्यापासून..." आणि पुढे शब्दच येईना. ज्या बाईनं अख्ख्या कमिटीला गप्प केलं होतं, तिचा आवाज फुटेना.

डेरेकनं हात वर केला. "फर्स्ट ब्रीद आउट, नलिनी."

काकूंनी श्वास सोडला.

"हे गेल्यापासून दसऱ्याला सोनं द्यायला माझं दार कोणी वाजवलं नव्हतं रे."

डेरेकला मराठी कळत नाही. त्यानं बाकावरचा फ्लास्क उघडला आणि काका बसायचे त्या जागेवर बसून काकूंसाठी चहा ओतला.