रशीदभाई आणि पुस्तकातली चेटकीण

आमच्या विश्रांतवाडीत गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, की शेजारचे रशीदभाई जिन्यात उभे राहून हात वर करतात आणि मंत्र म्हणतात. काहीतरी हुंबरू झुंबरू. थोड्या वेळाने वीज येते. मग ते सगळ्यांकडे असे बघतात, जणू तारा त्यांनीच जोडल्या.

मी एकदा म्हटलं, वीज काय, यायचीच होती.

"तेच तर, वहिनी. जे होणारच आहे, त्याच्या जरा आधी मंत्र म्हणून घ्यायचा. पुस्तकात लिहिलंय."

पुस्तक म्हणजे धर्माचं नव्हे. इंग्रजी गोष्टींचं, जुन्या बाजारातलं. त्यात चेटकिणी, विसरभोळे जादूगार, सर्दी झाल्यामुळे आग ओकता न येणारे राक्षस. सगळं विनोदी. रशीदभाई शिंपी. कॅम्पातल्या दुकानात साहेबलोकांचे सूट शिवता शिवता इंग्रजी शिकले. आता दुकान बंद, भाभी वारलेल्या, मुलगी लांब दिलेली. दिवसभर वाचतात आणि एकटेच हसतात. भिंतीपलीकडून ऐकू येतं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण केस पिकलेल्या माणसाने चेटकिणी वाचून हसू नये एवढं मला कळतं, असं मी आमच्या ह्यांना म्हणायचे. हे म्हणायचे, हसू दे गं, तुझं काय जातंय?

आणि जिथे तिथे पुस्तकातल्या एका म्हाताऱ्या चेटकिणीचा दाखला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडण पेटलं, तर उठून म्हणाले, शाप देण्याआधी चहा प्यावा, चहानंतर बहुतेक शापांची गरज उरत नाही. सेक्रेटरींनी विचारलं, हे इतिवृत्तात घ्यायचं का?

मग आमचे हे गेले.

मी रडले नाही. उठलेच नाही. सून डबा ठेवून जायची, तो तसाच राहायचा. आत्मा अमर आहे, देवाची मर्जी, सगळं सांगून झालं लोकांचं. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. तशीच संपले असते, खोटं कशाला सांगू.

एक दिवस रशीदभाई आले. धीर वगैरे दिला नाही. शर्ट पुढे केला. बटण तुटलंय, लावून द्या, माझा हात थरथरतो म्हणाले. मला राग आला. जन्मभर लोकांना बटणं लावली आणि आता शेजारणीकडे? पण माणूस दारात उभा. उठले, सुई शोधली, लावलं. दुसऱ्या दिवशी परत हजर. टाके सैल आहेत म्हणे. मी उसवून पुन्हा घातले. मग दुसरा शर्ट, मग बाहीचं बटण. हा माणूस बटणं खातो की काय, असं वाटायला लागलं. पण ते यायच्या आत आंघोळ करून, चार घास खाऊन बसावंच लागे.

एकदा तयार शर्ट द्यायला मीच गेले. दार उघडं होतं. रशीदभाई खिडकीशी बसून एका चांगल्या घट्ट बटणाचा दोरा कापत होते. हात अजिबात थरथरत नव्हता.

"हे काय चाललंय?"

चोरी पकडल्यासारखे हसले. म्हणाले, "म्हातारी चेटकीण म्हणते, रडणाऱ्याला धीर देऊ नये. काम द्यावं."

"मी रडत नव्हते."

"मग जास्त काम द्यावं."

मी खुर्चीत बसले. विचारलं, भाभी गेल्या तेव्हा तुम्हाला कुणी दिलं होतं काम?

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"कुणी नाही. म्हणून तर ही पुस्तकं आणली. हसू येतं त्यात. पण वहिनी, एकट्याने हसलं की घर फार मोठं वाटतं."

मी तयार शर्ट त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, उद्यापासून पुस्तक घेऊन माझ्याकडे या, मला इंग्रजी येत नाही, मराठीत सांगा. आणि मी हसेन अशी आशा ठेवू नका.

आता रोज संध्याकाळी येतात. विनोद सांगतात, मग हातवारे करून समजावतात. मला तो पहिल्याच वेळी कळलेला असतो. तरी मी म्हणते, नाही समजलं, परत सांगा.