उलटी पुरलेली बाटली

“बाटली माझ्या अंथरुणात येणार नाही,” आस्लौग म्हणाली. “एक तर ती येईल, नाहीतर मी.”

“अगं, पण पाणी गोठेल,” ओदवार म्हणाला.

“गोठू दे! गेल्या वर्षी तुझी बाटली माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये गळली, ते विसरलास? सकाळी मला कांद्यासारखं सोलून बाहेर काढावं लागलं.”

तंबूत एका छोट्या दिव्याच्या उजेडात नवरा-बायको समोरासमोर बसली होती. दोघांचीही साठी उलटलेली. बाहेर उणे तीस. डिसेंबरात आमच्या अगदी उत्तर टोकाच्या फिनमार्कच्या पठारावर सूर्य उगवायची तसदी घेत नाही. दुपारच्या सुमारास थोडा निळसर उजेड येतो, तो गेला की उरलेली सगळी रात्रच समजायची. अशा थंडीत गरम पाण्याची बाटली लोकरी मोज्यात घालून पायाशी घेऊन झोपायचं, ही इथली जुनी रीत. पाणी वाहतं राहतं आणि पायही शेकतात. पण झोपेत कधीतरी बाटली गार पडते, तिला पाय लागतो, आणि अंथरुणात मोजा घातलेला तिसराच पाय असल्याचा भास होतो. तोही मेलेल्या माणसाचा. आस्लौगने हे वर्षानुवर्षं सोसलं होतं.

“मग बर्फात पुरू,” ओदवार म्हणाला. “उलटी. भुसभुशीत बर्फात खोल थंडी शिरत नाही. आणि पाणी गोठलंच तर वरून गोठतं, म्हणजे बुडाकडून. बूच खाली, मोकळं.”

“हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय.”

“आणि लग्न झाल्यापासून सकाळी पाणी मिळतंय ना?”

“मिळतं की. कधी प्यायला, कधी चघळायला.”

हे ओदवारला झोंबलं. शब्दाने शब्द वाढला आणि प्रकरण पैजेवर गेलं. अटी आस्लौगने घातल्या. उद्या निळा उजेड आला की बाटली काढायची. बूच उघडून कपात पाणी पडलं, तर हातपाय चालतात तोवर ती दर हिवाळ्यात निमूटपणे तंबूत येईल. नाही पडलं, तर तंबू विकायचा आणि पुढचा हिवाळा कॅनरी बेटांवर काढायचा, उन्हात, आरामखुर्चीत.

“मंजूर!” ओदवार छाती काढून म्हणाला.

आता आतली गोष्ट सांगायला हवी. ओदवारला ही पैज हरायची होती. मनापासून हरायची होती. त्याचा डावा गुडघा स्की चालवताना जुन्या दारासारखा कुरकुरत होता आणि बर्फावर झोपून उठलं की कंबर दुपारपर्यंत सरळ होत नव्हती. पण बोलणार कोणत्या तोंडाने? हिवाळ्यात दक्षिणेला उन्हात जाणाऱ्या शेजाऱ्यांना तो आयुष्यभर ‘तव्यावरचे मासे’ म्हणत आला होता, तेही भर दुकानात, त्यांच्या देखत. मात्र ऑक्टोबरात त्याने गुपचूप एक फुलाफुलांची अर्धी चड्डी विकत घेतली होती. शेडमध्ये स्कीच्या मेणाच्या पेटीत तळाशी लपवलेली ती चड्डी घालून, दार आतून लावून, तो एकदा थोडा वेळ उभाही राहिला होता. बरं वाटलं होतं.

दोघांनी मिळून तळ्याकाठच्या बर्फात खड्डा केला, बाटली उलटी ठेवली, वर बर्फ थोपटला आणि खूण म्हणून स्कीची काठी रोवली.

“पेडरला सांगून ठेव,” आस्लौग म्हणाली. “लक्ष ठेव म्हणावं.”

पेडर हा ओदवारचा जुना नोकर म्हटला तरी चालेल. खांद्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं घेऊन तारायंत्राचे डांबर फासलेले खांब दुरुस्त करत फिरणारा हा माणूस, म्हणे, याच तळ्याकाठी तहानेने मेला. बाटली होती, पण पाणी गोठलेलं. तेव्हापासून तो इथे येणाऱ्यांचं पाणी राखत फिरतो. ही कथा ओदवारने पहिल्याच सहलीत, नव्या बायकोने जरा जवळ सरकावं म्हणून, जागच्या जागी रचली होती. ती सरकली. मग काय, दर वर्षी पेडरला नवी फोडणी मिळत गेली.

जेवण झालं, दिवा मालवला. आस्लौगने कानांवर टोपी ओढली. थोड्या वेळाने ओदवार उठला. तंबूच्या दाराशी लोकरी अस्तराचे अवजड बूट असत, दोघांत मिळून एकच जोडी. ज्याला बाहेर जायचं त्याने त्यात पाय घालायचे. बूट बर्फासारखे गार होते. त्याने बाटली उकरून काढली आणि उघड्यावर उभी करून ठेवली. काही तास अशी राहिली की दगड होईल. मग उजेडाआधी परत पुरायची. आपल्या कारस्थानावर खूश होऊन तो झोपला.

जाग आली तेव्हा किती वेळ गेला होता कोण जाणे. आस्लौग शांत पडली होती. बाटली पुरून टाकावी म्हणून त्याने बुटांत पाय घातले आणि तसाच थिजला. बूट आतून गरम होते.

उणे तीसमध्ये कधीपासून रिकामे पडलेले बूट. त्याने हात घालून पाहिलं. उबदार, नुकताच कोणीतरी पाय काढून घ्यावा तसे.

‘मीच मघाशी घातले होते,’ असं स्वतःला बजावत तो बाहेर आला. चंद्र होता. बाटली मात्र जागेवर नव्हती. काठीजवळचा बर्फ नीट थोपटलेला होता. त्याने खाली उकरलं, तर बाटली तिथे, उलटी. आणि भोवती पावलं होती. सगळी याच बुटांची, पण तो चालला होता त्याच्या दुप्पट.

ओदवारच्या तोंडचं पाणी पळालं. बाटलीतलं मात्र अजून छान खुळखुळत होतं.

“पेडर,” तो कुजबुजला, “अरे बाबा, तू नाहीयेस. मी रचलाय तुला.”

तळ्यावरचा बर्फ लांबवर कण्हला. थंडीत तळी कण्हतातच, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असण्याचा त्या क्षणी काडीचा उपयोग झाला नाही. बाटली पुन्हा उघड्यावर ठेवून त्याने अशी धूम ठोकली की गुडघाही तक्रार करायचं विसरला.

त्यानंतर झोप लागली ती डोक्यावरून पांघरूण घेऊनच. आणि पुन्हा जाग आली ती आवाजाने. करकर, करकर. सुक्या बर्फावर पावलं पडत होती, सावकाश, कामाच्या माणसाची. काठीपाशी थांबली. मग थप, थप, थप, बर्फ थोपटल्याचा आवाज. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरं, पण इथे तर ब्रह्मराक्षस घरचाच होता, स्वतः पाळून मोठा केलेला! ओदवारने अंधारात हात लांब केला. आस्लौग शेजारीच होती, चक्क घोरत होती. तिच्या घोरण्याला तो बुडत्याने काडीला बिलगावं तसा बिलगला आणि उजेड येईपर्यंत हलला नाही.

निळा उजेड आला. दोघं काठीपाशी गेली. ओदवारने खाली वाकून उकरलं. बाटली उलटीच होती, आणि तिच्याभोवती एक जाड करडा मफलर घट्ट गुंडाळलेला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मफलर सोडला, बूच फिरवलं आणि कप पुढे धरला.

खळखळ पाणी पडलं.

“जिंकलास,” आस्लौग म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “जिंकलास हो म्हाताऱ्या.”

ओदवारने एक घोट घेतला. पुढचे सगळे हिवाळे त्याला त्या कपात दिसले. पण त्याहून वाईट म्हणजे बायकोचं तोंड दिसलं. उन्हाची एवढीशी हौस होती बिचारीला, आणि त्या हौसेवर ती हसून पाणी सोडत होती.

“आस्लौग,” तो म्हणाला, “मी हरायला बघत होतो. बाटली मीच काढून ठेवली उघड्यावर. दोनदा.”

“तू?” ती ओरडली. “अरे मूर्खा! मी बाहेर गेले, तर बाटली उघड्यावर! मला वाटलं, हा उलटी पुरायची विसरला, हा आता घरचा रस्ताही विसरणार. रडले मी तिथे उभी राहून. म्हटलं, निदान पैज तरी जिंकू दे याला. मीच पुरली परत. आणि दुसऱ्यांदा गेले तर पुन्हा बाहेर! माझी पाचावर धारण बसली. मला वाटलं, पेडर! कशीबशी पुरली आणि आत पळाले.”

“पेडर कुठला? पेडर मी रचलाय.”

“ते मला तिसऱ्या वर्षीच कळलं. दर वर्षी वेगळ्या खांबाखाली मरायचा तो. एकदा तर तू त्याला दोन बायका दिल्यास.”

“मग घाबरलीस कशाला?”

“तू का घाबरलास?”

यावर दोघं हसत सुटली. हसता हसता ओदवारने कबूल केलं की त्याला ऊन हवंय, खुर्ची हवी आहे, आणि मेणाच्या पेटीत चड्डीसुद्धा तयार आहे.

“ती फुलाफुलांची?” आस्लौगचा चेहरा पडला. “मी तिने स्की पुसल्या रे! मला वाटलं, फडकं आहे.”

“जाऊ दे, दुसरी घेऊ. दोन घेऊ!” ओदवार आज राजा होता. “पण मफलर गुंडाळायचं बरं सुचलं तुला. त्यानेच वाचलं पाणी.”

आस्लौगचं हसू थांबलं. “मफलर तुझा ना?”

“माझा निळा. तो माझ्या गळ्यात आहे.”

“मी नाही गुंडाळला. मी तुझ्याकडे पाहिलं ते म्हणूनच.”

ओदवारला ती पावलं आठवली, आणि शेजारचं घोरणंही. त्याने मफलर उलटून पाहिला. कडक झालेल्या लोकरीला डांबराचा वास होता, आणि टोकं सुटू नयेत म्हणून ती तांब्याच्या तारेच्या तुकड्याने वळून बांधलेली होती.

त्या दिवशी तंबू ज्या वेगाने आवरला गेला, त्या वेगाने तो आजवर कधी आवरला गेला नव्हता. कॉफीचं नावही कोणी काढलं नाही. सामान घसरगाडीवर चढलं, स्की पायांत अडकल्या. आमच्याकडे सहल संपली की सोबत्याचा हात हातात घेऊन ‘सहलीबद्दल आभार’ म्हणायची रीत आहे. तसं दोघांनी एकमेकांना घाईघाईने म्हटलं. दोन पावलं जाऊन आस्लौग थांबली.

“ओदवार, त्यालाही म्हणायला हवं.”

“कोणाला?”

“उगाच विचारू नकोस. रीत ती रीत.”

ओदवार मागे वळला. स्कीची काठी त्याने तिथेच रोवून ठेवली होती आणि मफलर तिला नीट बांधला होता, ज्याचा त्याला मिळावा म्हणून. उणे तीसमध्ये त्याने टोपी काढली, मोकळ्या तळ्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

“सहलीबद्दल आभार, पेडर. आणि पाण्याबद्दलही.”

पेडरने उत्तर दिलं की नाही, हे सांगता येत नाही. ऐकायला दोघांपैकी कोणी थांबलंच नाही. एवढं मात्र खरं, की रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारीपर्यंतच्या चढावर ओदवारचा गुडघा एकदाही कुरकुरला नाही.