पातेल्यातली सरकारी वस्तू

सुट्टीचं मोठं जेवण झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, जावईबापूंनी फ्रिज उघडला, खिशातून छोटा टॉर्च काढला आणि आत असा उजेड मारला, की जणू दुधाच्या पिशवीमागे कुणी फरार इसम दडून बसला होता.

"हे सगळं टाकायचं," ते म्हणाले.

हे सगळं म्हणजे बोकडाची भाजलेली, अर्धीअधिक उरलेली तंगडी, उकडलेले बटाटे, गाजरं, अर्धा कोबी आणि वाटीभर मटार. पाहुणे येणार म्हणून पंधरा जणांच्या अंदाजाने केलं होतं, आले नऊ.

जावईबापू म्हणजे घरातल्या सुनेच्या नणंदेचे यजमान. नोकरी अन्न निरीक्षकाची. सुट्टी त्यांच्या कचेरीला होती, त्यांना नव्हती. आल्या आल्या त्यांनी ओट्यावरून बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी मिठाच्या बरणीचं झाकण ढिलं असल्याचं भर पंगतीत जाहीर केलं. काल तर त्यांनी फडक्याचा वास घेतला होता.

सुनेने हे सगळं निमूट ऐकलं होतं. ऐकणं हाच तिचा धंदा. वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात अकरा वर्षं ती कानाला फोन लावून बसत होती आणि अंधारात बसलेल्या माणसांच्या शिव्या खात होती. तिथे सगळे तिला तक्रारबाई म्हणत. स्वतः तिने आजवर कुणाची तक्रार केली नव्हती, हा भाग वेगळा.

"जावईबापू म्हणतायत तर टाकून दे गं," सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "त्यांचा अभ्यास आहे त्यातला."

तक्रारबाईने तंगडीकडे पाहिलं. त्या तंगडीसाठी तिने एक रजा घालवली होती, सहा तास ओव्हनसमोर उभी राहिली होती आणि मनगटावर एक चांगला लांबलचक चटका मिळवला होता.

"टाकणार नाही," ती म्हणाली.

घरात अशी शांतता पसरली, की बाहेरच्या खोलीत चष्म्याच्या दांडीला स्क्रू बसवणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या हातून स्क्रू पडल्याचाही आवाज आला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि घरात वादाची चाहूल लागली की त्याला हटकून कुठलीतरी दांडी दुरुस्त करायची असे.

"वहिनी, अठ्ठेचाळीस तासांच्या वर मांस ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे."

"परवा संध्याकाळी सहाला ओव्हनमधून काढलंय. चाळीस तास झाले. म्हणजे आठ अजून आहेत माझ्याकडे."

"पण फ्रिज सारखा उघडला जात होता!"

"कोण उघडत होतं?"

जावईबापूंनी टॉर्च विझवला.

"मी ह्याचं सूप करणार आहे," तक्रारबाईने सांगून टाकलं. "चांगलं दाट. ज्याला खायचं त्याने खावं."

"मी शिवणार नाही. आणि कुणाला शिवू देणार नाही."

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," ती कचेरीतल्या मंजूळ आवाजात म्हणाली आणि पदर खोचला.

तिने घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं. कांदा, लसूण आणि ठेचलेले मिरे परतले, तंगडीचं मांस सोडवून त्याचे तुकडे केले आणि हाड पाण्यात उभं केलं. हाड पातेल्याबाहेर वीतभर डोकावत राहिलं. तिने झाकण हाडाच्या डोक्यावर टोपीसारखं ठेवलं. मग बटाटे कुस्करून घातले, गाजरं गेली, कोबी गेला, मटार गेले. दीड तासाने असा वास सुटला, की नणंद केस विंचरता विंचरता फणी डोक्यातच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

जावईबापूंना ते बघवलं नाही. ते बॅगेतून त्यांचा तापमापक घेऊन आले. लांब पोलादी सुई, तिच्या डोक्यावर रुपयाएवढी तबकडी, मागे खात्याचा नंबर कोरलेला.

"आतलं तापमान किती आहे ते आधी कळलं पाहिजे."

"अहो भावोजी, उकळतंय ते! बुडबुडे दिसत नाहीत?"

"बुडबुडे हा पुरावा नाही."

ते पातेल्यावर वाकले. वाफेने चष्मा पांढराफटक झाला. चष्मा सावरायला त्यांनी हात वर नेला, तो नेमका तापमापकाचा हात होता. डुबुक् असा आवाज झाला.

"पडला?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं.

"आई, काही नाही. सरकारी मालमत्ता," नणंद म्हणाली.

जावईबापूंचा चेहरा उतरला. "त्याची नोंद आहे. परत जमा करावा लागतो. वहिनी, ओता हे सिंकमध्ये!"

"माझं सूप सिंकमध्ये जाणार नाही."

"अहो, पण..."

"नाही म्हणजे नाही!" ती पळी घेऊन पातेल्यापुढे उभी राहिली. अकरा वर्षांत तिचा आवाज इतका वर चढला नव्हता. तिचं तिलाच बरं वाटलं. "आणि पातेल्याला कुणी हात लावायचा नाही. मी काढून देते, तुम्ही वाट्यांमध्ये शोधा."

तिने गॅस बंद केला. हाड बाहेर काढलं. पहिली पळी तिने जरा पाठमोरी होऊनच ओतली. मग वाटी, दुसरी वाटी, तिसरी वाटी. जावईबापू प्रत्येक वाटीत चमचा फिरवत होते. काही टणक लागलं की "सापडला!" म्हणत आणि गाजराचा तुकडा वर काढत. सहा वाट्या भरल्या. नवऱ्याने कप आणले, मग पेले, मग लोणच्याची रिकामी बरणी. टेबलावर सुईला जागा उरली नाही. पातेलं अजून निम्मं भरलेलं होतं आणि घरातली भांडी संपली होती.

"आता?" नवऱ्याने विचारलं.

"आता रिकामी करा," तक्रारबाई म्हणाली.

"कशी?"

"कशी म्हणजे काय? तोंडाने."

नणंद वाटच बघत होती. तिने एक वाटी उचलली आणि खाली ठेवली तेव्हा ती पुसल्यासारखी स्वच्छ होती. "मी मदत करतेय," तिने नवऱ्याला सांगितलं. "तुमच्याच नोकरीसाठी."

तक्रारबाईच्या नवऱ्याने दोन कप संपवले. सासूबाईंनी "जावयाचं सरकारी काम अडलंय, नाही कसं म्हणू," असं म्हणत एक पेला घेतला, मग तळाशी काही राहिलंय का ते बघायला दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला कारण सांगायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

"तुम्हीपण घ्या," नणंद म्हणाली. "आम्हीच किती शोधायचं?"

जावईबापूंनी बरणी उचलली. डोळे मिटले. एक घोट घेतला. डोळे उघडले. मग बराच वेळ बरणीमागे त्यांचं तोंड दिसेना.

दुपारी दीडला पातेल्याचा तळ लागला. तळाला दोन मिरे होते. तापमापक नव्हता.

जावईबापू खुर्चीत मटकन बसले. त्यांच्याकडे बघून तक्रारबाईला क्षणभर दयाही आली. पण ओट्यावरून फिरलेलं बोट आठवलं आणि दया ओसरली.

"आधी भांडी घासून घ्या," तिने सुचवलं. "एखाद्यात चिकटला असेल."

अन्न निरीक्षकांनी बाह्या वर केल्या. एकेक वाटी, कप, पेला घासून, उजेडात धरून बघत ते सिंकपाशी उभे राहिले. तक्रारबाईने ताटाखाली झाकून ठेवलेली स्वतःची वाटी काढली, त्यांच्या शेजारीच स्टूल ओढून घेतलं आणि सावकाश, फुंकर मारत खायला सुरुवात केली. अर्धी वाटी संपल्यावर तिने कमरेला खोचलेल्या रुमालातून एक लांब पोलादी वस्तू काढून खरकट्या भांड्यांच्या ढिगावर ठेवली.

"भावोजी, एवढंपण घासून टाका."

जावईबापू तबकडीकडे बघत राहिले. "कधी... कधी सापडला हा?"

"पहिल्याच पळीत."

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेरच्या खुर्चीतून सासूबाईंचा तृप्त, जडावलेला आवाज आला.

"जावईबापू, गप्पा पुरे. पातेलं राहिलंय अजून, आणि कडेला चिकटलंय ते मला इथून दिसतंय."