मेश्रामजींनी डब्याला भोकं पाडली

पावसात भिजून छत्री खराब होते, म्हणून छत्रीवर प्लास्टिक शिवून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो वरठीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो.

सुखदेव मेश्राम त्यांचं नाव. पोलादाच्या कारखान्यात उभी हयात फिटर म्हणून गेली, आता निवृत्त आहेत. मी त्यांना भाऊजी म्हणते. मी भंडाऱ्याच्या शाळेत शिकवते, म्हणून ते मला म्याडम म्हणतात. त्यांच्या घरी टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक आहे आणि ते प्लास्टिक फाटू नये म्हणून वरून कापडी पिशवी आहे. मनगटी घड्याळ चेनच्या पाकिटात असतं. वेळ विचारली की भाऊजी खिशातून पाकीट काढतात, चेन उघडतात, वेळ सांगतात, चेन लावतात, आणि तेवढ्यात आपली बस गेलेली असते. मोटरसायकलच्या सीटवर एकावर एक तीन कव्हरं आहेत. मागे बसायचं तर ओट्यावर चढून बसावं लागतं.

"वस्तू मानसाच्या आधी नाही गेली पाह्यजे, म्याडम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा मी शाळेतून आले तर माझा गॅसचा सिलिंडर झालरीचा फ्रॉक घालून उभा. माझी जादा किल्ली शांतावैनींकडे, म्हणजे भाऊजींच्या बायकोकडे, असते; मी घरात नसताना ती घेऊन भाऊजींनी माप घेतलं होतं. मला राग आला होता, पण फ्रॉक इतका चपखल बसला होता की काढवेना.

अशा माणसाला पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं एक कॅमेरा पाठवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, गाडीच्या हँडलला किंवा हेल्मेटला लावून फिरताना चित्रण करतात तो. तिनं नवा घेतला होता, जुना बाबांकडे आला. भाऊजींनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि त्याच्यासोबत आलेला डबा हातात घेतला. पारदर्शक, टणक, आत रबराची कड, मागे दार, वरून घट्ट बसणारी कडी. पाण्यात टाकला तरी आत थेंब जाणार नाही असा. त्यांचे डोळे भरून यायचेच बाकी होते.

"म्याडम, ह्या कंपनीत कोनीतरी समजदार मानूस हाय. कव्हर संगंच देल्लं त्यानं!"

पण ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवतील तर ते फिटर कसले? कॅमेरा बाहेर ठेवून त्यांनी डब्यात उडदाच्या पापडाचा तुकडा घातला, कडी लावली आणि डबा बादलीत बुडवून वर वरवंटा ठेवला. दुसऱ्या दिवशी पापड काढला, मोडला. कडक! तो अर्धा मोडका पापड घेऊन ते माझ्या दारात आले आणि मला खायला लावला. मी खाल्ला. खरंच कडक होता.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते मला ठाऊक होतं. शांतावैनींची दृष्टी काचबिंदूनं गेली त्याला दोन वर्षं झाली. आधी या बाईचा पाय घरात ठरत नसे. आठवडी बाजार, रविवारी विहारात वंदना आणि महिन्यातून एकदा नाकाडोंगरीला माहेरी फेरी, तीही भाऊजींच्या मागे त्या उंच सीटवर बसून. नजर गेल्यावर एका लग्नात कुणीतरी त्यांच्या हातात ताट देताना "बिचारी" म्हटलं. वैनींनी ताट तसंच खाली ठेवलं, आणि त्या दिवसानंतर घराबाहेर पाऊल टाकलं नाही. हळूहळू बोलणंही कमी झालं. पडवीतल्या खुर्चीवर बसून राहायच्या, आपण बोललो तर हूं म्हणायच्या.

"इचं बोलनंच आटून राहिलं, म्याडम," भाऊजी एकदा कुंपणापाशी येऊन म्हणाले. "मले भेव वाटून राहिलं."

मग त्यांनी आपल्या बुद्धीप्रमाणे तोड काढली. ही बाहेर जात नाही ना, मग बाहेरचं घरात आणू. कॅमेरा डब्यात, डबा हँडलवर, आणि स्वारी बाजारात. आल्यावर मला हाक मारली, कारण त्यांना डबा समजायचा, कॅमेरा समजायचा नाही. मी लॅपटॉपवर लावून दिलं. चित्र झकास होतं, भेंडीच्या ढिगातली एक-एक भेंडी मोजून घ्यावी असं. पण वैनींना चित्राचं काय करायचं होतं? आणि आवाज तर सगळा दडपलेला.

"कोन बोलून राहिले हे?" वैनी म्हणाल्या. "गोधडीत तोंड घालून बोलल्यावानी." आणि भिंत चाचपत आत गेल्या.

मी म्हटलं, "भाऊजी, डब्यातून काढून न्या ना कॅमेरा."

"नागडा नेऊ त्याले?" ते एवढ्या जोरात म्हणाले की मीच ओशाळले. शिवाय हँडलला बसवायचा स्क्रू डब्यालाच होता, कॅमेऱ्याला नव्हता. म्हणजे एकच उपाय उरला. डब्याला भोक पाडायचं.

ज्या माणसानं जन्मभर कव्हरावर ओरखडा येऊ दिला नाही, त्याला हे सांगणं सोपं नव्हतं. पण ते त्यांनी स्वतःच स्वतःला सांगितलं. चार दिवस मला भिंतीपलीकडून ड्रिल ऐकू यायचं. घुर्रर्र, की बंद. पुन्हा घुर्रर्र, की बंद, आणि मग चहाच्या कपबशीचा आवाज. हातभर जाडीचं लोखंड भोसकणारा माणूस प्लास्टिकच्या डबीपुढे अडला होता. शेवटी पाचव्या दिवशी तीन भोकं पडली, तीही मागच्या दाराला. "समोरून चांगला दिसला पाह्यजे," म्हणाले.

भोकातून धूळ जाईल म्हणून आतून चहाच्या गाळणीची जाळी चिकटवली. गाडी पळाली की वारा घुसून नुसती फडफड ऐकू येई, म्हणून स्वतःच्या माकडटोपीचा तुकडा कापून बाहेरून लावला. त्यात महिना गेला. कॅमेरा आता थंडी बाधलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता. मी हसले तर त्यांना वाईट वाटलं नाही, उलट त्यांनी मला टोपीचा उरलेला भाग दाखवला. कान झाकता येतील एवढा शिल्लक होता.

मोहाची झाडं फुलायच्या दिवसांत ते एकटेच नाकाडोंगरीला जाऊन आले. मुलीनं दोन बॅटऱ्या दिल्या होत्या. एक गावात वापरली, दुसरी येताना. संध्याकाळी वैनी खुर्चीवर, भाऊजी वेताच्या मोड्यावर आणि मी लॅपटॉप घेऊन पडवीत बसलो. वैनी आल्या त्या केवळ माहेरचं नाव ऐकून.

आणि काय सांगू, गावात आवाजच नव्हता! कॅमेरा पाहून सगळे ताठ उभे राहिले होते. वैनींच्या भावानं धावत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला आणि ओठ मिटून उभा. पोरीबाळी रांगेत. वैनींची लहानपणची मैत्रीण कौसाबाई डोक्यावर पदर घेऊन, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून, पुतळ्यासारखी. भाऊजींचा काकुळतीला आलेला आवाज तेवढा ऐकू येत होता, "अवं बोल ना काही, कौसाबाई! कायबी बोल! हापशी तरी हालवा कोनी!"

बऱ्याच वेळानं कौसाबाई ओठ न हलवता बोलली, "निघला का जी फोटो?"

मी काय दिसतंय ते वैनींना सांगितलं. त्यांच्या तोंडावर बारीकसं हसू आलं. "थे तशीच हाय. फोटोत श्वास नाही घेत." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. पण पुढे पुन्हा शांतता, आणि वैनींचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. भाऊजी खाली मान घालून बसले. महिनाभराची खटपट पाण्यात गेली होती.

"बंद करा, म्याडम," ते म्हणाले. "पुढं नुसता रस्ता हाय."

मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात दुसऱ्या बॅटरीचं चित्रण आपोआप सुरू झालं. गाडीचा आवाज, आणि त्यावर भाऊजींचा, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"शांता, हे पाह्य, गोबरवाहीचं रेल्वेफाटक. बंद हाय. तू असती त उतरून चने घेतले असते."

भाऊजी ताडकन उठले. "हे कसं काय आलं? त्याचं तोंड त समोर हाय!" कॅमेरा जिकडे पाहतो तिकडचंच ऐकतो, मागून ओरडलं तरच मागचं, अशी त्यांची समजूत. भोकं मात्र मागच्या दाराला होती, आणि त्या दारासमोर सगळा रस्ताभर ते स्वतः बसले होते.

"राहू द्या," वैनी म्हणाल्या.

"बाया मोह वेचून राहिल्या," आवाज सांगत होता. "तुह्यासारखी लाल लुगड्यातली एक हाय. वास येते का तुले? मले येऊन राहिला." मग थोडा वेळ नुसतीच गाडी. मग गाडी खड्ड्यात आपटल्याचा आवाज. "दोन वर्सं झाले, शांता, मांगून कोनी हळू चालवा म्हनत नाही. कितीबी जोरात न्या. काही मज्या नाही त्याच्यात."

मला तिथे बसणं अवघड झालं. पण उठले तर दोघांना कळलं असतं. चित्रण संपलं. लॅपटॉपवर काळा पडदा आला.

"मले काहून नाही नेलं?" वैनींनी विचारलं.

"तू नाही म्हनशीन म्हनून."

"इचारलं का?"

"नाही."

"आन महिनाभर त्या डब्याले भोकं पाडत बसले!"

भाऊजी पुन्हा मोड्यावर बसले. मग हळूच म्हणाले, "भोकं पाडनं सोपं होतं, शांता."

वैनींनी हात पुढे केला. थोडा चुकीच्या दिशेला गेला, तो भाऊजींनी धरला.

"मंग आता इचारा."

"येतं का?"

"येतो," वैनी म्हणाल्या. "पन हळू चालवजा."

मी लॅपटॉप तिथंच सोडला आणि घरी आले.