सात नारळांचं संशोधन

एका जंगलात, जिथे सत्काराला कारण लागत नसे, कुमुद नावाची एक पिसोरी राहत होती. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण, बाळांनो. तुम्ही पाहिलं नसेल. ते दिसायच्या आत पळून जातं.

कुमुदची एक मैत्रीण होती, चंपा. चंपा म्हणजे सुरय, पांढराशुभ्र समुद्रपक्षी. ती दरवर्षी दूरच्या एका बेटावर वाळूत अंडी घालायला जाई.

एकदा चंपा परत आली ती गप्पगप्पच.

"चार घातली होती," ती म्हणाली. "दोनच उडाली. मी मासे आणायला जाते तेवढ्यात काहीतरी होतं. कोणी बघायलाच नसतं गं."

"मी येऊन बघते," कुमुद म्हणाली.

त्या बेटावर जंगलाचं एक संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे झावळ्यांची खोपटी आणि हजेरी घेणारे खेकडेकाका. कुमुदने अर्ज केला. दुसरा अर्जच नव्हता, त्यामुळे चुरशीच्या स्पर्धेतून तिची निवड झाली.

बेटावर जायला कासवतात्यांची पाठ हे एकच वाहन. तेही वर्षातून एकदा, चैत्री पौर्णिमेच्या सकाळच्या भरतीला. पुढे समुद्र खवळतो. तात्यांचा एकच नियम होता.

"दहा नारळांचं वजन नेईन. अकराव्याला बुडेन. बुडालो तर मला काही होत नाही, वर बसलेल्याला होतं."

कुमुदचं वजन चार नारळ. सामान म्हणून नोंदी करायला पळसाची थोडी पानं, ती कानामागे खोचता येत होती. ती रोज ओढ्यातल्या निसरड्या दगडावर बसून तोल सांभाळायला शिकू लागली. झाली की हो तयारी!

पण गवेसाहेबांना ही बातमी कळली. गवेसाहेब जंगलातल्या सगळ्या समित्यांचे अध्यक्ष. ज्या समितीचे ते अध्यक्ष नव्हते, ती अजून स्थापन व्हायची होती.

"आपली मुलगी बेटावर चालली आणि साधा सत्कार नाही?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

मग काय विचारता! माकडांच्या मित्रमंडळाने सत्कार केला. श्रीफळ दिलं. रानडुकरांच्या महिला विभागाने केला. श्रीफळ दिलं. घुबडांच्या ज्येष्ठ संघाने केला, मध्येच सगळे झोपले, उठल्यावर श्रीफळ दिलं. असे सात सत्कार झाले आणि प्रत्येक सत्कारात गवेसाहेबांनी तयारीचं महत्त्व सांगितलं. ते ऐकण्यात कुमुदचा ओढ्यावरचा सराव बुडाला.

पौर्णिमा उजाडली. सगळं जंगल किनाऱ्यावर जमलं. कुमुदच्या खुरावर प्रत्येकाने दही घातलं. खूर इतका निसरडा झाला की तिला धड उभं राहता येईना.

तात्यांनी सामान पाहिलं. "सात नारळ आणि ही चार. अकरा झाले. एक काढा."

"सगळेच काढा ना," कुमुद म्हणाली. "बेटावर नारळाचीच झाडं आहेत."

"म्हणजे आमचा सत्कार किनाऱ्यावर पडून राहणार?" माकडांचा म्होरक्या म्हणाला.

"आमचा पण काढायचा नाही हं," रानडुकरीणबाई म्हणाल्या. "शेंडी विंचरून दिलाय."

"मग एक मी इथेच खाते," कुमुद काकुळतीला आली.

"श्रीफळ घेतलं आणि लगेच खाल्लं! दिसतं कसं ते?" गवेसाहेब म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे तातडीची बैठक घेतली. इकडे पाणी ओसरू लागलं होतं.

"आटपा," तात्या म्हणाले.

शेवटी साळिंदरभाऊ उठले. ते नियमांचे जाणकार. "प्रत्येक नारळात कुणाचा ना कुणाचा मान आहे," ते म्हणाले. "आता असं ओझं शोधा, जे मागे राहिलं तर कुणीच रुसणार नाही."

सगळ्यांनी कुमुदकडे पाहिलं.

"हिचा सत्कार तर झालाय," साळिंदरभाऊ म्हणाले. "म्हणजे हिचा मान हिला पोचला."

ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्यांच्या गजरात तात्या सात नारळ घेऊन निघाले. कुमुद किनाऱ्यावर उभी होती, खुरावरचं दही वाळेपर्यंत. मला तर तिच्याकडे बघवेना, बाळांनो.

हंगाम संपल्यावर चंपा परत आली. कुमुद धावत तिला भेटायला गेली.

"किती उडाली?"

"एक."

कुमुदने मान खाली घातली. "मी यायला हवं होतं गं."

"आलीस ना," चंपा म्हणाली. "खेकडेकाकांनी मला वही दाखवली. संशोधक हजर, संख्या सात, प्रकृती उत्तम, प्रश्न कोणताही विचारला नाही."

तेवढ्यात सनईचा आवाज आला. गवेसाहेब सगळ्या जंगलाला घेऊन येत होते. आदर्श तयारीबद्दल कुमुदचा भव्य सत्कार ठरला होता. त्यांच्या हातात आठवं श्रीफळ होतं.

कुमुदने ते घेतलं नाही. ती उडी मारून झुडपात शिरली आणि दिसेनाशी झाली. मोकळ्या हाताने ती थेट तात्यांकडे गेली आणि पुढच्या चैत्री पौर्णिमेपर्यंत त्यांच्याच शेजारी राहिली, असं म्हणतात. जंगलात मात्र अजून तिला उद्धट म्हणतात.

तात्पर्य : मोठ्या कामाला निघताना तयारी अशी दणक्यात करावी की कामाला आपली गरजच उरू नये. जे न सांगता निघून जातात आणि काम करून येतात, त्यांचा सत्कार कोण करणार?